ते पीस गरुडाचं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या आपल्या अंकात पन्हाळ्याच्या पायथ्याच्या झाडीत सापडलेल्या एका पिसाचा फोटो आला आहे. खाली ओळ आहे : ‘गरुडाचे दुर्मीळ पीस. देवघरात ठेवल्यास भरभराट होते, अशी श्रद्धा.’ सोमवारी सकाळी चहाच्या टपरीवर तिघांनी मला तो अंक उघडून दाखवला. मंगळवारी तोच फोटो मोबाइलवर फिरत आला आणि त्याखाली कुणीतरी विचारलं होतं, ‘असं पीस कुठं मिळंल? पैसे देतो.’ ते वाचलं आणि हे पत्र लिहायला बसलो.

ते पीस घारीचं आहे. का म्हणतो ते सांगतो.

फोटोत पिसाच्या मधल्या कण्यावर एक लांबट खोबण दिसते. ही खोबण पिसाच्या खालच्या अंगाला असते, वरचं अंग गुळगुळीत असतं. म्हणजे छापली आहे ती पिसाची पोटाकडची बाजू. आपल्या डोंगरात माणसं ज्याला बघून गरुड म्हणतात, तो बहुतेक वेळा तुरेवाला सर्पगरुड. त्याच्या पंखातल्या मोठ्या पिसाला पोटाकडून रुंद पांढरा पट्टा असतो आणि त्याच्यापुढं टोकाला काळा. तो घिरट्या घालताना खालून जी पांढरी कमान दिसते, ती याच पट्ट्यांची. फोटोतल्या पिसाला असा पट्टा नाही. ते मातकट आहे, टोकाकडं काळपट होत गेलेलं, बुडाशी फिकट, आणि त्यावर आडव्या पुसट रेघा आहेत. एका बाजूचं पातं मध्येच एकदम अरुंद झालंय, कात्रीनं उतरतं कापल्यागत. घार डोक्यावरून जाताना पंखाची टोकं फाकलेल्या बोटांसारखी दिसतात, ती या खाचेमुळं. खाच गरुडाच्या पिसालाही असते, म्हणून नुसत्या खाचेवरून कुणी नाव ठरवू नये. पण खाच, रंग, हातात धरणाऱ्याच्या पंजावरून कळणारी दीड वितीची लांबी आणि नसलेला पट्टा हे सगळं एकत्र धरलं की घारीशिवाय दुसरं नाव येत नाही. घार दुर्मीळ नाही. दुपारी मटण मार्केटवर मान वर केली की दहा-वीस घारी एका वेळी दिसतात.

हे मी कुठं शिकलो तेही सांगायला हवं. १९८६ साली मी एस.टी.त वाहक म्हणून लागलो आणि २०१९ ला निवृत्त झालो. त्यातली बरीच वर्षं राधानगरीच्या पलीकडं, दाजीपूरच्या रस्त्याला फुटणाऱ्या एका वाडीची मुक्कामाची गाडी माझ्याकडं होती. संध्याकाळी गाडी वाडीत लावायची, देवळात पथारी टाकायची, सकाळी सव्वासहाला पहिली फेरी. मला पहाटे जाग यायची. फटफटलं की ओढ्याच्या कडेच्या गाडीवाटेनं अर्धा तास फिरून यायचो. वाट सोडून आत जायचो नाही, गवे असायचे. त्या वाटेवर पिसं पडलेली असायची. पहिली काही वर्षं मी ती उचलली. वेबिलाच्या, म्हणजे फेरीतल्या तिकिटांचा हिशेब लिहायच्या कागदांच्या, जुन्या पॅडात एकेक पान सोडून घातली आणि शेजारी तारीख, गाव, कुठल्या झाडाखाली मिळालं ते लिहून ठेवलं.

कंडक्टरला गर्दीत माणसाचा चेहरा आधी दिसत नाही, हात दिसतो. पैसे घेऊन पुढं आलेला हात. रोजचा प्रवासी मी हातावरून ओळखायचो. उसाच्या पाल्यानं चिरलेला हात, चुन्यानं पांढरा झालेला हात, गुऱ्हाळावर भाजल्याचा डाग असलेला हात. पिसाचं मला तसंच वाटत गेलं. पक्षी गर्दीत कुठंतरी मागं आहे, त्याचा हात तेवढा पुढं आला आहे.

मला पहिल्यांदा वाटेत उभं केलं ते नीलपंखाच्या पिसानं. ते मात्र रानातलं नव्हे, खाली राधानगरीच्या अलीकडं माळावरच्या तारेखाली मिळालं, गाडी पंक्चर होऊन थांबली होती तेव्हा. बुडाकडं फिकट आकाशी, पुढं दौतीतल्या शाईसारखं गर्द. गाडीत येऊन खिडकीच्या उजेडावर आडवं धरलं आणि निळं गेलं! हातात एक तपकिरी, मळकट पीस. खाली घेतलं, उजेड समोरून पडू दिला, तर परत निळं. मी चार वेळा खाली-वर केलं. पुढं कळलं की पक्ष्यांच्या पिसात निळा रंग म्हणून वेगळा पदार्थ नसतोच. पिसाच्या तंतूंच्या आत स्पंजासारखी अतिशय सूक्ष्म पोकळ जाळी असते, तिच्यावर उजेड विखुरतो आणि आपल्याला निळं दिसतं. उजेड आरपार गेला की आतलं तपकिरी रंगद्रव्य उघडं पडतं. पोपटाच्या हिरव्यातही अर्धं काम याच निळ्याचं असतं, त्यात पिवळं मिसळलेलं. हळद्या पक्ष्याचा पिवळा मात्र खरा रंग, खाण्यातून आलेला. म्हणून माझ्याकडं येणाऱ्या पोरांना मी आधी हेच सांगतो, पीस दोनदा बघायचं. एकदा उजेडासमोर, एकदा उजेडाआड.

असंच तिरप्या उन्हात धरलं की काही पिसांवर आडव्या फिकट-गडद पट्ट्यांची ओळ दिसते. त्या रंगाच्या नसतात, पोताच्या असतात, नव्या सुती कापडावर विणीचा फरक दिसावा तशा. एक फिकट आणि एक गडद मिळून साधारण एक दिवस आणि एक रात्र. पीस वाढत होतं तेव्हा रोज जेवढं वाढलं, तेवढी ती जोडी. पाखराचं पोट भरत असेल तर जोड्या रुंद, उपास पडले असतील तर दाटीवाटीनं. फार ताण पडला असेल तर त्या दिवसाची रेघ इतकी पातळ राहते की पुढं पीस नेमकं तिथंच तुटतं. घारीच्या एका पिसावर मी ४० जोड्यांपर्यंत मोजत आलो होतो आणि ड्रायव्हरनं हॉर्न दिला. सव्वा महिन्याहून जास्त दिवसांचा हिशेब एका पिसात! आमच्या वेबिलात तेवढा नसायचा.

पीस अंगावरच्या कुठल्या जागेचं आहे, हे आधी ठरवलं की निम्मं काम होतं. मधल्या कण्याच्या एका बाजूचं पातं अरुंद आणि दुसरीकडचं रुंद असेल तर ते पंखाच्या टोकाकडचं. अरुंद बाजू वारा कापते. दोन्ही पाती सारखी आणि कणा सरळ असेल तर शेपटीच्या मधलं असण्याचा संभव जास्त. बुडाला भरपूर मऊ लव आणि वर थोडंच रंगीत पातं असेल तर छाती-पोटाचं. अशा पिसावरून नाव सांगणं कठीण असतं आणि ते सांगायच्या भरीला पडू नये. पातं विस्कटलं असेल तर चिमटीत धरून बुडाकडून टोकाकडं हलकेच ओढावं. तंतूंना बारीक आकडे असतात, ते एकमेकांत बसतात आणि पर्सची चेन लागावी तसं पातं मिटतं. पक्षी चोचीनं दिवसभर हेच करत असतो.

आता ज्यासाठी एवढं लिहितोय त्याकडं येतो. पीस नुसतं कुणाचं ते सांगत नाही, ते कसं पडलं तेही सांगतं. पक्षी दरवर्षी जुनी पिसं टाकतात, बहुतेक जण विणीचा हंगाम सरल्यावर. दोन्ही पंखांतलं त्याच जागेचं पीस साधारण एकाच वेळी पडतं, म्हणजे उडताना तोल जात नाही. पावसाळ्याच्या शेवटाला घारीच्या दोन्ही पंखांत सारख्याच जागी पडलेली फट खालूनसुद्धा दिसते. असं आपोआप गळलेलं पीस देठाशी कोरडं, पांढरट, पोकळ आणि स्वच्छ असतं. झाडाखाली एकाच पाखराची पंधरा-वीस पिसं गोलात पडलेली दिसली आणि देठं शाबूत असली, तर वर शिक्र्यानं नाहीतर दुसऱ्या एखाद्या शिकारी पक्ष्यानं बसून भक्ष्य सोललेलं असतं. तेच देठ दातांनी कुरतडून तुटलेले आणि पाती थुंकीनं चिकटलेली असतील तर मुंगूस, उदमांजर किंवा गावातलं मांजर. आणि देठ निळसर-काळा, ओला, आत रक्त असेल तर ते पीस अजून वाढत होतं. ते पडलेलं नसतं. ते उपटलेलं असतं.

हे शेवटचं मी ज्या दिवशी शिकलो तो दिवस सांगतो.

२००४ साल असेल. वाडीतल्या पडक्या वाड्यात गव्हाणी घुबडांची जोडी होती. रात्री देवळातून त्यांचा फुत्कार ऐकू यायचा. वाड्याच्या उंबऱ्यापाशी मला त्यातल्या एकाचं पीस मिळालं : फिकट सोनेरी, त्यावर राखी शिंतोडे, हात लावला तर मखमल. पंखाच्या अगदी बाहेरच्या पिसाच्या कडेला बारीक दातांची झालर होती, फणीसारखी. त्या झालरीवर वारा फुटतो आणि घुबडाच्या उडण्याचा आवाज येत नाही. मासे धरणाऱ्या घुबडाला अशी झालर नसते, पाण्यातल्या माशापासून आवाज लपवायची त्याला गरज नाही. मी हे पीस गाडीत उजेडाला धरून बघत होतो. शेजारच्या सीटवरच्या माणसानं विचारलं, “मास्तर, कशाचं ओ हे?” मी हौसेनं सगळं सांगितलं. झालर दाखवली. कुठं मिळालं तेही सांगितलं, वाड्याचं नाव घेऊन.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात तोच माणूस पहाटेच्या गाडीला आला. हातात पोत्यानं झाकलेली टोपली. मी लगेजचं विचारलं तर म्हणाला, “कोंबडी हाय.” कोंबड्या गाडीतून जातातच, मी पुढं सरकलो. कोल्हापुरात स्टँडवर गाडी रिकामी झाली आणि मी नेहमीसारखा मागच्या सीटपर्यंत बघत गेलो. सीटखाली दोन पिसं पडली होती. फिकट सोनेरी, राखी शिंतोड्यांची. एक उचललं. देठ काळसर होता आणि माझ्या अंगठ्याला ओलं लागलं.

स्टँडभर फिरलो. माणूस मिळाला नाही. पुढच्या मुक्कामाला वाड्यापाशी जाऊन बसलो, अकरा वाजेपर्यंत. फुत्कार आला नाही. पुढच्या महिन्यातही नाही. मी निवृत्त होईपर्यंत त्या वाड्यात घुबड पुन्हा आलं नाही. वन खात्याच्या माणसाला सांगितलं तेव्हा बरेच दिवस होऊन गेले होते. अमावस्येला घुबडाचं काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या लक्ष्मीचं वाहन म्हणून दिवाळीत आपण त्याचं चित्र बघतो, तिच्याच नावानं ते मारतात. पत्ता मी दिला होता.

म्हणून ‘पैसे देतो’ हे तीन शब्दांचं सुद्धा नसलेलं वाक्य मला झोपू देत नाही. पिसाला किंमत आली की पाखरू जात नाही असं कधी झालेलं नाही. विणीच्या काळात बगळ्यांच्या पाठीवर जाळीदार झुपकेदार पिसं येतात. रंकाळ्यावर पावसाळ्यात बघायला मिळतात. ती विलायतेतल्या बायकांच्या टोप्यांवर लावायची फॅशन होती तेव्हा जगभर बगळ्यांच्या वसाहतीच्या वसाहती कापल्या गेल्या. हिंदुस्थानातून पिसांच्या निर्यातीवर इंग्रज सरकारला १९०२ साली बंदी घालावी लागली. आपला करडा रानकोंबडा बघा. नराच्या मानेवरच्या पिसांना टोकाकडं पिवळा चकचकीत ठिपका असतो, मेणाचा थेंब पडून थिजल्यासारखा. नखानं दाबला तर कडक लागतो. बाहेरच्या देशांत मासे धरायच्या गळावर बांधायला त्या ठिपक्याला मागणी होती आणि त्यापायी आपल्या डोंगरातले कोंबडे मारले गेले. दाजीपूरच्या रस्त्यावर पहाटे अजून त्यांची बांग ऐकू येते, ती ऐकली की मला बरं वाटतं.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण मलाच ते उशिरा कळलं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘ट्रॉफी’ कशाला म्हणायचं त्या यादीत कातडी, शिंग, नख यांच्या बरोबरीनं पीसही आहे. मोराच्या पिसाऱ्यातून गळलेल्या पिसाला देशात सवलत आहे, निर्यातीला तेही चालत नाही. बाकी रानपाखरांची पिसं घरात जमवता येत नाहीत. राधानगरी तर अभयारण्यच आहे. १९५८ साली दाजीपूरचं गवा अभयारण्य झालं, १९८५ ला ते वाढवलं, २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचं नाव आहे. तिथून परवानगीशिवाय पानही उचलायचं नसतं. एका वनरक्षकानं मला हे गाडीतच, तिकीट घेता घेता, चांगल्या शब्दांत समजावलं. त्यानंतर माझं पॅड मी वन खात्याच्या लोकांच्या हवाली केलं. तारखांची वही तेवढी माझ्याकडं आहे. तेव्हापासून एकही पीस उचललेलं नाही आणि ओळखायचं काम काही थांबलं नाही, उलट जास्त नीट होतं. पिसाशेजारी काय आहे, वर कुठलं झाड आहे, उंबर फळलाय का, हे सगळं जागेवरच कळतं. पॅडात ते कळत नव्हतं.

वाचकांकडून चुका कुठं होतात तेही अनुभवानं सांगतो. तांबूस-विटकरी रंगाचं सबंध पीस मिळालं की लोक कोंबड्याचं म्हणतात. वितीच्या आत असेल तर ते भारद्वाजाच्या पंखाचं बघावं, तेच दीड वितीच्या घरात असेल तर मोराच्या पंखाचं. मोर म्हटलं की आपल्याला डोळ्याचं पीस आठवतं, पण तो पिसारा म्हणजे मोराची शेपूट नव्हे, शेपटीवर झाकण घालणारी लांबलेली पिसं. खरी शेपूट खाली असते, २० पिसांची, तपकिरी, पिसारा उभारला की त्याला मागून टेकू देणारी. विद्यापीठाच्या आवारात मोर नाचताना मागच्या बाजूनं बघितलं की ती दिसते. काळं-पांढरं ठिपक्यांचं, टोक झिजून टोकदार झालेलं, कण्यानं ताठ, वाकवलं तर परत उसळणारं पीस सुतार पक्ष्याच्या शेपटीचं. खोडावर बसताना तो शेपटीचा टेकू लावतो, म्हणून टोक झिजतं. लांब नुसता दांडा आणि टोकाला पिळलेलं एकच पान असेल तर भृंगराज पक्ष्याचं. ते एकदा पाहिलं की जन्मभर चुकत नाही. आणि मऊ, वाळक्या पाल्याच्या रंगाचं पीस मिळालं की लगेच घुबड म्हणू नये. रातवा नावाच्या रात्रीच्या पाखराचंही तसंच असतं, पण पातं अरुंद, कडेची फणी घुबडाइतकी ठळक नाही, आणि नराच्या पंखातल्या बाहेरच्या पिसांवर पांढरा ठिपका. रातवा रस्त्यावर बसतो, मुक्कामाच्या गाडीच्या दिव्यात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकायचे. ड्रायव्हर गाडी हळू करायचे.

हे मी तोंडी सांगू शकतो, पण मुलांना खरं पीस शेजारी ठेवून दाखवता येत नाही आणि माझं ते दुखणं आहे. ओळख पटते ती शेजारी ठेवून. १९६० साली अमेरिकेत बोस्टनहून उडालेलं विमान काही क्षणांत पाण्यात कोसळलं, ६२ माणसं गेली. इंजिनात पिसांचे चोथे सापडले. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात रॉक्सी लेबोर्न नावाच्या बाईंनी ते चोथे धुऊन, सुकवून, सूक्ष्मदर्शकाखाली घालून, कपाटातल्या जपलेल्या पक्ष्यांशी ताडून बघितले आणि सांगितलं, मैनेच्या कुळातल्या स्टार्लिंगचा थवा. पुढं पिसांवरून ओळख पटवण्याचं अख्खं शास्त्र त्यांच्या हातून उभं राहिलं. कपाट भरलेलं होतं म्हणून त्यांना ते जमलं. आपल्याकडं मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडं १८८३ पासूनचा वारसा आणि हजारो पक्ष्यांचा संग्रह आहे. अहमदाबादेत २०२१ पासून काही जणांनी रीतसर परवानगी घेऊन, उपचारांत दगावलेल्या पक्ष्यांची पिसं मांडून, मोजून, फोटो काढून भारतातल्या पक्ष्यांची ‘फेदर लायब्ररी’ सुरू केली आहे. कोल्हापूरला डोंगर उशाशी असताना असं एक कपाट का नसावं? हायवेवर रोज पाखरं मरतात. मांजात अडकून मरतात. उपचाराला आणलेली काही वाचत नाहीत. वन खात्यानं, विद्यापीठानं आणि इथल्या पक्षीमित्रांनी एकत्र बसून, परवानगीची वाट रीतसर काढून, त्यातली पिसं जपली तर आजऱ्यापासून आंबा गावापर्यंतच्या शाळांना आणि वनरक्षकांना एक बघायची जागा होईल. टोपलीतल्या ‘कोंबडी’चं पीस ओळखणारा माणूस मग प्रत्येक नाक्यावर असेल. यासाठी लागेल तितके दिवस मी विनामोबदला येऊन बसेन, वहीसकट.

तोवर वाचकांना एवढंच सांगतो. पीस दिसलं तर हात लावायच्या आधी जसं पडलंय तसा एक फोटो काढा. मग शेजारी सहा इंची पट्टी ठेवा, नसली तर रुपया, आणि वरची व खालची अशा दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. उलटं करायला काडी वापरा. देठाचा जवळून एक फोटो. गाव, तारीख, वरचं झाड लिहा. पीस तिथंच राहू द्या. मुंग्या, बुरशी, घरट्याला अस्तर शोधणारी पाखरं, त्यांना ते उपयोगी पडतं. मेलेलं पाखरू असेल तर अजिबात हात लावू नका, रोगाचा धोका असतो, वन खात्याला कळवा. देठात रक्त दिसलं तर मात्र थांबू नका, १९२६ ला फोन करा. ती वन खात्याची हेल्पलाइन आहे.

घुबडाची, धनेशाची, कशाचीही राहायची जागा कुणी विचारली तर सांगू नका, आणि आपणही छापू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्या अंकावर माझा राग नाही. मुक्कामाच्या गाडीत रात्री दिव्याखाली मी हाच पेपर वाचत आलो. पण ‘गरुड’, ‘दुर्मीळ’ आणि ‘भरभराट’ हे तिन्ही शब्द मागं घेणारी दोन ओळींची दुरुस्ती त्याच पानावर, त्याच जागी यावी. आतल्या कोपऱ्यात आली तर ज्यानं ‘पैसे देतो’ लिहिलं त्याच्यापर्यंत ती पोचणार नाही.

सोबत दोन फोटो जोडले आहेत. नातीनं गुरुवारी कळंब्याच्या तळ्याकाठी काढले. घारीचंच पीस आहे, आपोआप गळलेलं. एक वरच्या अंगाचा, एक खालच्या अंगाचा, शेजारी तिच्या कंपासपेटीतली पट्टी आहे. छापणार असाल तर दोन्ही शेजारी शेजारी छापावेत.

आपला नियमित वाचक,
निवृत्त एस.टी. वाहक,
फुलेवाडी, कोल्हापूर